एक्केचाळीस पावलं

हेमराज पटलेचं पहिलं पाकीट
मीच नेऊन दिलं दौलतभाऊला.
तिरोड्याचा शिक्का, आत धानाच्या पोत्याचा वास,
आणि किराण्याच्या बिलामागे पेन्सिलीनं काढलेली
पंखाची एक फासळी.
खाली एवढंच: बाकीच्या अकरा अशाच.

दौलत घोडमारे ट्रॉल्या वेल्ड करायचा.
आर्वी रोडवरच्या बंद जिनिंगमध्ये
त्यानं ती फासळी खडूनं फरशीवर काढली, खऱ्या मापाची,
आणि रात्रभर तिच्याजवळ
कुत्रं फिरकू दिलं नाही.

इक्राम टेलर आला तो हसायला.
हसून झाल्यावर बसला.
"तिरपा धरला तं कपडा ताणते, बावा," म्हणाला,
आणि त्या दिवसापासून लग्नसराईतले ब्लाउज
साऱ्या गावाला उशिरा मिळू लागले.

तीन वर्षं.
इंजिन ओम्नीचं, वर्ध्याच्या भंगारातून. चाकं स्कूटरची.
पंखा सागाचा, सात पट्ट्या चिकटवून.
उमाजी मडावी रंधा थांबवायचा, डोळे मिटायचा
आणि तळहात फिरवायचा त्याच्यावरून,
गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा.
चुकलं की पत्र.
एसटीडीवर फासळी सांगता येत नाही, मिनिटाचे पैसे पडतात.
उत्तर यायचं: शेपूट जड आहे. नाक पुढे घ्या.
माझा पाय ह्याच चुकीनं मोडला, ती करू नका,
दुसरी करा.

तोलायला काटा जिनिंगचाच.
कापसाच्या जागी विमान:
अडीच क्विंटल, वर चार किलो.
"ओल आहे, दोन किलो कटती कापा," इक्राम म्हणाला.
तलाठी पाहून गेला, विचारत,
सातबाऱ्यावर हे कोणत्या पिकात लिहू?

बसायचं कुणी, तेही काट्यानंच ठरवलं.
टपालाच्या थैलीसकट मी शेहेचाळीस किलो.
घरी सांगितलं, डाक न्यायची आहे.

आदल्या रात्री हेमराज आला, पहिल्यांदाच,
एसटीतून उतरून लंगडत.
नाव सांगायची गरज कुणालाच पडली नाही.
विमानाकडे त्यानं मग पाहिलं;
आधी खडूच्या पुसट फासळीपाशी गेला.

चैत्र. गायरान. वारा उठायच्या आधी.
मला फार आठवत नाही.
दात हलवणारा आवाज,
मोहाचे शेंडे जवळ येताना,
मग खडखड थांबली. चाकांची.
मग परत सुरू झाली.

"उडलं का?" मी उतरून विचारलं.
धूळ केवढी. खात्री कुणालाच नाही.
"माहे डोये भरून आले होते," उमाजी म्हणाला,
"मले काईच नाई दिसलं."

धूळ बसली तेव्हा हेमराज गुडघ्यांवर होता.
चाकांच्या रेघा येत येत
एका जागी संपल्या होत्या.
पुढे नुसती माती. तिच्यावर मुंग्या, आपल्या वाटेनं.
आणि बऱ्याच अंतरावर
पुन्हा रेघा.

इक्राम बाजूबाजूनं चालत गेला,
ताग्यातलं कापड मोजावं तसं ओठांत पुटपुटत.
"एक्केचाळीस," तो म्हणाला. "अर्धं सोडलं."

हेमराज उठला नाही.
"माह्या वक्ताले मोजाले कोणी नोतं," म्हणाला.
"मी उडलो का नुसताच पडलो,
अजूनबी मालूम नाई."

दौलतभाऊनं जिनिंगमधली टोपली आणली,
दोन्ही टोकांना पालथी घातली,
अन् त्या कोऱ्या मातीच्या कडेला
चौघं बसून राहिले, बिडी न पेटवता.
बकऱ्या नवाला सुटतात.

नवाला मी पोस्ट उघडलं,
शिक्क्याची तारीख बदलली.
थैलीत एटापल्लीचं एक पाकीट, दौलतभाऊच्या नावाचं,
अक्षर कुणा पोराचं.
फोडलं नाही. नुसतं चाचपलं.
पेन्सिल अशी दाबून चालवलेली
की कागदाच्या मागून
फासळी बोटाला लागत होती.