टॉवेलाखाली

आमचे आण्णा, नेमगोंडा, चाळीस वर्षं
सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे करायचे.
भाव मोठ्यानं बोलायची रीत नव्हती.
दोघांचे हात, वर एक टॉवेल,
आत बोटं धरायची.
एक बोट म्हणजे शंभर, की हजार, की नुसतंच एक,
ते त्या दोघांत आधीच ठरलेलं.
भोवती पन्नास माणसं, सगळी टक लावून.
दिसायचं काय, तर टॉवेल. हलणारा.

मी आता इथल्याच एका बँकेत
तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर सांभाळते
(खाली पुराचं पाणी येतं).
आण्णा विचारतात, नक्की करतीस काय तू?
टॉवेलाला कुठं भोक पडलंय का ते बघते.
‘एवढ्याचा पगार देत्यात?’

मग एकदा नीट सांगितलं:
निरोप भर बाजारातनं जातो, आण्णा,
दहा ओट्यांवर टेकत टेकत,
वाटेत कुणीही हात घालावा.
म्हणून आपणच आपली उघडी कुलपं गावभर वाटायची.
ज्याला निरोप धाडायचाय त्यानं ते लावून धाडावा.
किल्ली एकच, ती घराबाहेर काढायची नाही.
‘म्हंजे हरिपुरातल्या पेवागत,
तोंड कुठं हाय ते समद्यास्नी ठावं,
आत किती पोती ते मालकाला.’
अगदी तसं नाही.
पण मी हो म्हटलं.

हॅश मात्र त्यांनीच मला शिकवला, नकळत:
ताटलीत चिमूटभर हळद, वर चुन्याची निवळी,
बोटानं फिरवली, लाल झाली.
‘आता ह्यातनं हळद काढून दाव.’

मार्चअखेरीला दुपारी फोन आला.
‘नेमगोंडाआण्णा का?’ इतक्या अदबीनं
यार्डातही कुणी हाक मारली नव्हती.
खातं बंद पडतंय म्हणाला, तेवढे सहा आकडे वाचा.
आणि सख्ख्या भावाला ज्यांनी
राजापुरीचा भाव कधी कळू दिला नाही
त्यांनी चष्मा शोधला,
आणि एकेक आकडा सुटा करून,
शेजारी ऐकू जाईल असा, वाचला.
टॉवेल खांद्यावरच होता.

एकेचाळीस हजार.
मी नोंदी तपासल्या, परत तपासल्या.
आमच्याकडं काहीच फुटलं नव्हतं,
सगळी कुलपं जागच्या जागी.
कडी आतून काढलेली.

आठवडाभर बोलले नाहीत.
फोन ज्वारीच्या डब्यात.
रविवारी म्हणाले, ‘हात दे.’
टॉवेल टाकला, आणि त्या खरखरीत अंधारात
माझी बोटं धरली, सोडली,
परत धरली, एक अर्ध्यावर दाबलं.
‘उद्या कुणी माझ्या आवाजात बोललं तरी
आधी हा आकडा इच्यार.
मीबी तुला इच्यारीन. लिहून ठिवू नगंस.’

किती बोटं, ते इथंही लिहीत नाही.

आतून आईनं विचारलं, काय चाललंय दोघांचं?
‘काय न्हाई,’ आण्णा म्हणाले. ‘सौदा.’