बाळंतिणीचा पाला

डॉक्टर मेहेरनोशनी सुपारीचा जबडा अंगठ्यानं हलकेच दाबला.
रबरासारखा आत गेला.
‘किडे काय खातात?’
म्हटलं, डॉक्टर, किडे तर हीच खाते.
‘हिचा नाय विचारत. किड्यांचा विचारते.’
मग चष्मा कपाळावर सरकवून, त्यांच्या त्या पारशी मराठीत,
‘आडात नाय, तर पोहऱ्यात कुठून येल?’

म्हणजे तीन महिने मी तिला रिकामी पाकिटं भरवत होतो.
कुर्ल्याहून आणलेला दोनशे रातकिड्यांचा डबा,
वाटेत उपाशी, माझ्याकडे उपाशी.
एकेक चिमट्यात धरून पुढे करायचो
आणि ती विश्वासानं गिळायची.
ठिपक्यांची तिची जाड शेपटी
बारीक होत गेली.
मला वाटलं, वाढीचं वय.

आता कन्नमवार नगरात, बसथांब्यामागे, रोज संध्याकाळी
कौसाबाईच्या गोणपाटासमोर उकिडवा बसतो.
शेवग्याचा कोवळा पाला. लाल भोपळ्याची फोड. गाजर एकच.
पालक नको,
पालक चुना धरून ठेवतो, हाडांपर्यंत पोचू देत नाही.
गिरणीतून नाचणीचं पीठ, मूठभर.
आठव्या दिवशी तिनं जुडी हातातच धरली.
‘घरात बाळंतीण हाय का रं?’

मी लोकांच्या विजेचे मीटर वाचतो.
खोटा आकडा आजवर लिहिला नाही.
म्हणालो, ‘हो. बहीण आलीये.’
बहीण मला नाही.

‘मग शेपू पण ने. आईनं खाल्लं की पोरीला उतरतं.’
पोरीला, हे तीच म्हणाली.
मी फक्त नाही म्हटलं नाही.
डॉक्टरांनी साडेसातशे घेऊन
हेच तर सांगितलं होतं.

रात्री गॅलरीतला डबा उघडतो.
अंड्यांच्या ट्रेच्या खळग्याखळग्यांतून मिशा बाहेर येतात.
पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडतात;
गाजराच्या चकतीतूनच पितात.
पाल्यावर तुटून पडतात तेव्हा
कागद चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतो.
मी शेजारी बसून पाव आणि लसणीची चटणी खातो.
त्यांचं ताट माझ्याहून बरं आहे
आणि उद्या रात्री त्यांतले सात नसतील.

गावी जत्रेच्या बोकडाला आदल्या दिवशी गूळ-चणे द्यायचे.
मी विचारलं होतं, त्याला माहीत आहे का?
चुलता काही बोलला नाही.
त्यानं उरलेला गूळ माझ्या हातावर ठेवला
आणि मी खाल्ला.

‘मामा, भाची कशी हाय?’
‘वजन वाढलंय.’
‘किती?’
सहा ग्रॅम, असं ओठांवर आलेलं गिळून
सहाशे म्हणालो.
‘दिष्ट काढ तिची,’ म्हणत तिनं तराजूखालून
वर्तमानपत्राची पुडी काढली.
काळ्या मण्यांच्या मनगट्या. दोन.
पैसे घेईना.

त्या आता ड्रॉवरमध्ये आहेत, कॅल्शियमच्या डबीशेजारी.
त्यांतली एक सुपारीच्या कमरेतूनही सुटून पडेल.
नाही, घालून पाहिली नाही.
पाहिली. एकदा.

आज तिनं नेम धरला, शेपटीचं टोक थरथरवलं,
झेप घेतली, आणि प्रथमच ऐकू आलं,
कट्.
टणक.
खोलीतला दिवा लावलेला नव्हता.
गॅलरीतले सगळे गप्प झाले क्षणभर,
मग एकानं सुरू केलं, मग बाकीच्यांनी.

पाला संपलाय.
उद्या आणायला हवा.
आणि ती विचारणारच,
नाव काय ठेवलं.