हलकी बंदूक

इल्यास, तुझा फोन आला तेव्हा मी
पोवई नाक्याकडून चढत होतो,
एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्यात तू.
"मामू, हरणासाठी रायफल घ्यायचीय.
हलकी. डोंगर फार आहेत इकडं."

तिकडं मोसम ठरलेला, परवान्यावर एक हरीण.
इकडं बहात्तरला कायदा आला
आणि माझ्या दुकानात उरल्या
राखणीच्या ठासणीच्या बंदुका
आणि बँकेच्या वॉचमनची बारा बोअर;
निवडणुकीआधी ठाण्यात जमा, निकालानंतर परत,
मग गंज काढायला माझ्याकडं.
रायफलीचं कुणी विचारून
पन्नास वर्षं झाली असतील.
तू विचारलंस. ऐक.

वजन आधी. कागदावर छापलेलं नको.
दुर्बीण, पट्टा, गोळ्या, सगळं चढवून तोल.
मी शेजारच्या हणबरांच्या गुळाच्या काट्यावर तोलायचो,
म्हणून आमच्या रायफलींना मुंग्या लागायच्या.
सव्वातीन किलोत यवतेश्वरचा घाट
खांदा न कुरकुरता चढतो.
त्याहून फार खाली उतरू नकोस.
नळी हलकी झाली की श्वासाबरोबर डुलते.
आणि दुकानदार सांगणार नाही ते मी सांगतो:
जड लाकूड धक्का पिऊन टाकतं,
हलक्या बंदुकीत तो सगळा तुझ्याकडं येतो.

गोळी मोठी नको.
थर्टी-ओ-सिक्सचं नाव मोठं,
पण तू आईसारखा बारीक हाडाचा.
दोनशे त्रेचाळीस घे, फार तर साडेसहा मिलिमीटर.
ज्या गोळीला आपण भितो
तिच्या आधी आपला डोळा मिटतो.

दुर्बीण चौपट पुरे.
बारापटीत हरीण दिसत नाही,
नुसते केस दिसतात, आणि केसांवरची माशी.
डोळ्यापासून चार बोटं लांब बसव.
माझ्या भुवईवर चंद्रकोर आहे बघ,
लहानपणी तू तिच्यावरून बोट फिरवायचास,
मी म्हणायचो, ईदचा चांद आहे.
दुर्बिणीची कड आहे ती.

सत्तर साल. बामणोलीच्या वरचं रान.
मेढ्याच्या एका वकिलाची रायफल,
दुरुस्त केली होती, चालते का बघायची होती.
इतकी हलकी की हातात आहे हे विसरायला व्हायचं.
भेकर होतं. कुत्र्यासारखं एकदाच ओरडलं.
मी दाबलं,
आणि रक्त आधी माझ्याच डोळ्यात आलं.
एका डोळ्यानं पळालो,
जीव असेपर्यंत पोचायला हवं होतं.
सुरी मीच पाजवलेली. नाव घेतलं.
गोष्टीत सांगतात तसं
ते माझ्याकडं बिलकूल बघत नव्हतं.
आलं होतं त्या झाडीकडं बघत होतं.
मग मीही बघितलं.
एक फांदी हलत होती, वारा नव्हता.

उतरताना रायफल वकिलाच्या गड्याकडं,
भेकर माझ्या खांद्यावर.
हणबरांनी काटा पुढं केला, मी नको म्हटलं.
खांदा महिनाभर काळानिळा होता.
धक्क्यानं की ओझ्यानं,
तुझ्या मामीनं विचारलं नाही,
हळद लावली.

नको घेऊ, असं म्हणत नाही मी.
तिकडची रानं तिकडचे हिशेब.
फक्त दुकानात उभ्या उभ्या ठरवू नकोस.
दुकानात सगळ्याच बंदुका हलक्या असतात.
रिकामी असल्याची खात्री कर,
डोळे मिटून बोल्ट ओढ, आवाज ऐक.
खडखडली तर ठेवून दे.
कुलपासारखी बंद झाली तर
पुन्हा फोन कर.

आता ठेवतो. मेथी निवडायचीय.
कोवळी काडी ठेवायची, जून टाकायची,
यात मात्र अजून माझा हात धरणारा कुणी नाही.
मामी पलीकडून विचारतीय,
थंडी किती आहे तिथं,
आणि खांद्याला काय घालतोस.