खाट नंबर सतरा

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला
माझं दुकान. जेनेरिकचं. पाटी निळी,
तिच्यातला 'जे' खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला.
सत्यभामा केळुसकर टोपली पायरीवर ठेवते,
हात लुगड्याला पुसते, तरी गोळ्यांच्या पट्टीला
एखादा खवला चिकटतोच.

"झिला, ही ती नाय. ती गुलाबी होती.
ही धवी. आणि पैशे इतके कमी कित्याक?"

मी सांगतो, रंग कंपनीचा. आतलं औषध तेच,
पाच मिलिग्रॅम, तेवढंच.

आयुष्यभर मासळी विकलेल्या बाईला
'तेवढंच' म्हणून पटत नाही.
"शिरोड्याचा जाडा मीठ आणि पुडयेतला बारीक.
वजन एकच. आमटेत दोनय सारखी.
पण बांगडे सुकवताना?
बारीक विरघळान जाता, जाडा रातभर रवता.
तुझी गोळी खयची, ता सांग."

कॉलेजात हे मला कुणी इतकं नीट विचारलं नव्हतं.

गोळीत किती आहे ते काटा सांगतो.
रक्तात किती पोचलं, आणि कधी,
त्याला माणूस लागतो.

तो माणूस मी होतो.
गावात हे कुणाला ठाऊक नाही.
फार्मसीचं दुसरं वर्ष, फी थकलेली,
बाबांची होडी इंजिनाविना वाळूत पालथी.
अहमदाबादेबाहेर एक थंडगार इमारत,
खाट नंबर सतरा, हाताच्या शिरेत सुई,
चोवीस जणांची रात्रभर उपाशी पोटं.
सकाळी एक गोळी, मोजून पाणी,
जीभ उचलून दाखवायची, गिळली म्हणून.
मग तासाने रक्त. दोन तासांनी रक्त.
चार. सहा. आठ.
सोळा नंबरचा पोरगा झोपेत कुठल्या तरी म्हशीला हाका मारायचा.
बाराव्या तासाला तोही गप्प.

मग घरी, पहिली गोळी अंगातून
पुरती ओसरेपर्यंत.
मग तीच खाट आणि दुसरी गोळी.
कुठली मूळची, कुठली मागून आलेली,
रक्त तपासणाऱ्याला माहीत नव्हतं.
मी विचारलं नाही. मला चेक हवा होता.

नंतर कुणीतरी कागदावर दोन रेषा काढल्या असतील,
चढ, माथा, लांबलचक उतार,
आणि पाहिलं असेल, माथे जवळपास आहेत का,
रेषांच्या पोटात मावलेलं औषध सारखं आहे का.
तंतोतंत नव्हतंच. दोन खेपांत
माझंच रक्त एकसारखं नव्हतं.
पण जाळ्याची आस ठरलेली असते.
त्यातून निसटेल एवढा फरक असेल
तर गोळी बाजारात येत नाही.

यातलं मी काकीला काही सांगितलं नाही.
म्हटलं, "जाड्याच्या जागी जाडंच दिलंय."
"बघितलां कोणी?"
"मी."
तिने माझ्याकडे पाहिलं. हातावर
आता काही दिसत नाही.

मग कनवटीतून दुसरी पट्टी काढली,
दत्तारामच्या फेफऱ्याची.
"मगे हीय बदल. स्वस्तातली दी."

मी पट्टी तिच्याकडे परत सरकवली.
"ही नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."
ह्या औषधाची आस फार बारीक,
जरासं खाली घसरलं
तर पोरगा होडीतून थेट पाण्यात.

"म्हंजे मघाशी खोटा बोललस?"

फ्रीज घरघरत राहिला.
"नाही, काकी. ती आमटी," मी म्हटलं.
"हे बांगडे."

बराच वेळ ती दोन्ही पट्ट्या हातात धरून उभी.
मग धवी कनवटीला लावली, दत्तारामची वेगळी, पदराच्या गाठीत.
"महिन्यान येतंय. बीपी मोजून.
मगे मी सांगतंय, तीच काय ती."

टोपली डोक्यावर चढली, पायऱ्या उतरल्या.
काउंटरच्या काचेवर खवला राहिला,
उन्हात जरा गुलाबी,
जरा धवा.