डबीतला कापूस

आत्यानं डबीत कापूस घातला
तेव्हा मी सातवीत होतो.
गोळ्या वाजतात, म्हणाली,
वाजल्या की लोक विचारतात.
विड्या वळणाऱ्या बोटांनी
बोळा असा दाबून बसवला
की दप्तरात, सिटीबसमध्ये,
अशोक चौकाच्या खड्ड्यांतसुद्धा
मी बिनआवाजाचा पोरगा झालो.

कापसाला काय तोटा आमच्याकडे?
मागांचा भुसा उडून
तारेवरच्या ओल्या शर्टावर बसतो,
ताकात पडतो.
दिवसरात्र खटखटणाऱ्या त्या गल्लीत
एका डबीचा आवाज कुणी ऐकला असता, माहीत नाही.
आत्याला मात्र ऐकू यायचा.

सिव्हिलच्या रांगेत सगळे खाली बघतात.
म्हणून आधी चपला ओळखीच्या झाल्या,
तोंडं नंतर.
निळ्या पट्ट्याची, सिद्राम.
अंगठा तारेनं बांधलेली, मेहरुन.
एकदा रबरी काळ्या चपला माझ्यापुढे येऊन थांबल्या.
"शनिवारी ये. चहा असतो.
मशिनी सहा आहेत, पाच चालतात."
ती शांतक्का.
माझ्या वयाइतकी वर्षं ती गोळी घेते
आणि कुणी विचारलं तर
बीपीचीही घेते, असं सांगते.

पहिला महिना कागद शिवला,
दोऱ्याशिवाय.
सरळ रेघ, मग वळण, मग कोपरा.
कोपऱ्यावर सुई खाली ठेवायची,
कापड फिरवायचं, सुई नाही.
हे मला घरी गेल्यावरही आठवत राहिलं.

एका दुपारी बोट सुईखाली गेलं.
पांढऱ्या खिशावर थेंब.
मी हात मागे लपवला
आणि दाराकडे बघितलं.
शांतक्का जागची उठलीसुद्धा नाही.
"नळाखाली धर. पट्टी त्या डब्यात.
अन् तो खिसा टाकून दे, दुसरा काप.
तसाही वाकडाच बसवला होतास."
सहाजणांत कुणाचंही मशीन थांबलं नाही.
वाकडा म्हणाली त्याचाच राग आला मला.
किती वर्षांनी, साधा राग.

सिद्राम कारखान्यात लागला.
महिन्याला एक सुट्टी कशाला रे?
त्याला उत्तर सुचलं नाही. तो परत आला.
तीन दिवस कुणाशी बोलला नाही,
चौथ्या दिवशी काजाच्या मशीनवर बसला
आणि सत्तर काजं उलटी पाडली.
ती आम्ही सगळ्यांनी मिळून उसवली.

मे महिना. शाळांच्या गणवेशांची ऑर्डर.
पत्रा रात्रीसुद्धा तापलेला,
व्यापाऱ्याचा मुनीम गठ्ठे मोजत बसलेला.
नऊ वाजले
आणि सात फोन एकदम वाजले.
कोंबडा, अजान, शिट्टी,
कुणाचं लहान मूल हसतंय.
मुनीम चमकला.
"काय बे, सगळ्यांचेच कसे वाजूलालेत?"

पाय पायडलवर तसेच राहिले.
मग मेहरुन, दातात दोरा धरून,
"पाणी सुटायची वेळ झाली, काका."

"हां हां," म्हणाला मुनीम.
पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात
याच्यापुढं कुणी काही विचारत नाही.
उलट घाईनं त्यानंही घरी फोन लावला,
आमच्या भागात सुटलं का गं?

तो गेल्यावर आम्ही इतके हसलो
की शांतक्काच्या डोळ्यांत पाणी.
हसतच एकेकानं गोळी घेतली,
एकाच तांब्यातून.

उशिरा मशीनला तेल देताना
पुसायला फडकं मिळेना.
मी डबी उघडली, बोळा उपटला.
पिवळा पडलेला, माझ्या सातवीतला.
चाकाखालचं तेल पुसलं, फेकून दिला.

घरी जाताना सायकलवर
खिसा खुळखुळत होता.
आत्या जागी होती, सूप मांडीवर.
तिनं मान वर केली,
खिशाकडे बघितलं,
पान कापायला घेतलं.
"भाकरी झाकून ठेवलीय," म्हणाली.
"शेंगाचटणी संपली.
पगार झाला की आण."