बटबटीत

रविवार कारंज्यावरच्या दुकानात
मी रंग कालवून देतो. बावीस वर्षं.
गंगापूर रोडचं गिऱ्हाईक शेडकार्ड उलगडतं,
पांढऱ्यातले अकरा पांढरे बोटानं चाचपतं
आणि म्हणतं, कुठलाही द्या,
बटबटीत तेवढा नको.
रिकामा डबा पत्र्यावरून घरंगळावा
तसा तो शब्द. मीही शिकलो, वापरू लागलो.

काल सिडकोतून निर्मला गांगुर्डे आल्या.
पोपटी भिंत, राणी दार, चौकट पिवळीजर्द.
म्हटलं, मावशी, बटबटीत होईल.
होऊ द्या, म्हणाल्या.
आमचे हे अंबडला रात्रपाळीला.
साखरेनं नजर उतरलीय.
पहाटे गल्लीतली सगळी दारं सारखीच,
परवा शेवाळेंची कडी वाजवत बसले,
तेही आतून ओरडले.

डोळ्यांनाही आपण हाच शब्द लावतो की,
खोबणीतून पुढे आलेल्या,
मिटायचं विसरलेल्या.

राणी मी मापापेक्षा जरा जास्तच ओतला.
पैसे तेवढेच घेतले.
घासलेट लावलं, साबण लावला,
नखांच्या कडांना अजून आहे.
जेवताना बायको ताटाकडे कमी
नि माझ्या हाताकडे जास्त बघत होती.