शेरा

खोली क्रमांक सात. दारावर पाटी नाही.
होती, पण तिच्यामुळे बाहेरच्या बाकावर कोणी बसेना,
म्हणून डॉक्टरांनीच एका दुपारी स्क्रू काढले.

पहिल्या किटवर रेघ आली.
दुसऱ्या किटवरही आली, पण कशी,
तर पहाटेच्या धुक्यात खडकावरचा दिवा दिसतो तशी:
थेट पाहिलं की नाही,
नजर जरा बाजूला नेली की आहे.
तिसऱ्यावर काहीच नाही.

मी किटची मुदत पाहिली.
फ्रिजच्या तापमानाची वही पाहिली
(मंगळवारी रात्री दोन तास लाईट नव्हती, नोंद आहे).
नळीवरचा नंबर पाहिला, वहीतला पाहिला,
पुन्हा नळीवरचा.
स्वतःची चूक सापडावी म्हणून
इतकं कधी शोधलं नव्हतं.

दीपश्री तारी, वय चोवीस, पाचवा महिना.
नवरा गितेश मलप्याच्या ट्रॉलरवर.
तो सुट्टीला आला तेव्हा त्याचंही रक्त घेतलं, ते साफ.
आता हिच्या कागदावर शब्द: अनिर्णित.
मला तो क्रिकेटमधला माहीत,
आणि काकांच्या बांधाच्या दाव्यातला,
जो वेंगुर्ल्याच्या कोर्टात माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे.
माणसाच्या रक्तापुढे तो लिहायची वेळ
तेरा वर्षांच्या नोकरीत दोनदाच आली.

"म्हंजे आसा काय नाय?"
आत्ता सांगता येत नाही. चौदा दिवसांनी परत ये.
"चौदा दिस मी काय करू?"
ह्या प्रश्नाचं उत्तर प्रशिक्षणाच्या पुस्तकात आहे.
मी ते दिलं. तिने ऐकून घेतलं,
मच्छीमार हवामान खात्याचं ऐकतात तसं.

सासूला तिने लोहाची इंजेक्शनं सांगितली होती.
एक थांबा आधी उतरायची,
उन्हातून चालत यायची, पदर कपाळापर्यंत.
चौदाव्या दिवशी पुन्हा तेच,
रेघ, अर्धी रेघ, कोरं.

मग नमुना थर्मोकोलच्या डब्यात, बर्फात,
एसटीने ओरोसला, तिथून पुढे मोठ्या प्रयोगशाळेत.
कुडाळच्या फाट्यावर कंडक्टर म्हणाला,
"मॅडम, इसवण काय ओ?"
मी हो म्हटलं. मांडीवर डबा गार होत गेला.

उत्तर आलं:
लांब पट्टीवर एकाच जागी एक फिकट पट्टा.
होय म्हणायला एक पुरत नाही.
नाही म्हणायला एकही चालत नाही.

माझे वडील रापण ओढणारे.
म्हणायचे, वजन हाताला आधी कळतं,
मासळी की नुसतं शेवाळ, ते काठाला आल्यावर.
मधल्या वेळात दोर सोडायचा नाही, इतकंच.
पण त्यांच्या हातात दोर असायचा.

बेचाळिसाव्या दिवशी तिन्ही कोऱ्या.
मी वीस मिनिटं घड्याळाकडे पाहिलं, पट्ट्यांकडे नाही,
आणि मग पट्ट्यांकडे, बाजूने, थेट, पुन्हा बाजूने.
मोठ्या प्रयोगशाळेचा कागदही तेच म्हणाला.
मी सांगितलं. वाटलं होतं रडेल.

"मगे ती रेघ कोणाची होती?"

म्हटलं, पोटात बाळ असताना कधी कधी
शरीर नको तितकं जागं राहतं,
वाटेवरच्या भलत्यालाच चोर समजून ओरडतं.
तसं असेल. नक्की मला माहीत नाही.

ती उठली. दाराशी थांबली.
"बेचाळीस दिस गितेशच्या फोनार
मी एकदाव हसाक नाय.
त्येची नोंद तुमी खंय करतास?"

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा, दोन बोटं रुंद.
त्यात मी 'नकारात्मक' लिहिलं, तारीख घातली, सही केली.
मान वर केली तर खुर्चीवर पिशवी,
सुका गोलमा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
आणि खोलीभर त्याचा वास.

पुढची बाई आत आली,
नाकाला पदर लावला, आणि हसली.
मी तिला नाव विचारलं.